दुर्गम प्रदेशातील लहान विमान आणि त्याचा रिक्तभार : एक ऐतिहासिक विवेचन

१

विमानविद्येचा इतिहास बहुधा उंची, वेग आणि अंतर या तीन मापांनी लिहिला गेला आहे. कोणते विमान सर्वांत उंच चढले, कोणते सर्वांत वेगाने गेले, कोणते न थांबता सर्वांत दूर पोचले, यांच्या नोंदी सर्वत्र काळजीपूर्वक ठेवलेल्या आढळतात. याखेरीज आणखी एक माप आहे. विक्रमांच्या कोष्टकात ते सहसा येत नाही. परंतु लहान विमान कोठे उतरू शकेल आणि तेथून परत उडू शकेल की नाही हे बव्हंशी त्यावरच ठरते. हे माप म्हणजे विमानाचे स्वतःचे वजन. माणसे, सामान आणि वापरावयाचे इंधन वगळून उरणाऱ्या या वजनास प्रस्तुत लेखात ‘रिक्तभार’ म्हटले आहे. विमानाने एकंदर किती वजन घेऊन उडावे याची मर्यादा त्याच्या प्रमाणपत्रात घालून दिलेली असते. या कमाल भारातून रिक्तभार वजा केला म्हणजे जे उरते तो ‘उपयुक्त भार’. कमाल भार स्थिर असल्यामुळे रिक्तभारात पडलेला प्रत्येक पौंड उपयुक्त भारातून कापला जातो. हा हिशेब कोणत्याही गृहिणीच्या महिन्याच्या खर्चासारखा सरळ आहे, आणि तितकाच निष्ठुरही आहे.

पदार्थविज्ञानाची प्रगती होत गेली, हलके व बळकट धातू उपलब्ध झाले, तेव्हा विमानेही उत्तरोत्तर हलकी होत गेली असावीत, असा आपला सहज समज होतो. लहान खाजगी विमानांचा इतिहास पाहिला असता हा समज टिकत नाही. एकाच घराण्यातील विमान पिढीगणिक जड होत गेले; एवढेच नव्हे, तर एकच विमान आपल्या आयुष्यात वर्षागणिक जड होत गेले, असे दिसून येते. असे का झाले, हे वजन उतरविण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले, आणि त्या प्रयत्नांना मर्यादा कोठे पडतात, याचा विचार येथे करावयाचा आहे. विवेचन नेमके राहावे म्हणून अमेरिकेतील पायपर कंपनीचे ‘कब’ हे घराणे आणि अलास्का व आयडाहो येथील डोंगराळ प्रदेश एवढ्यापुरतीच मर्यादा घालून घेतली आहे. नद्यांच्या वाळूवर, हिमनद्यांवर व गवताळ उतारांवर उतरण्याची परंपरा या घराण्याने जितकी चालविली तितकी क्वचितच दुसऱ्या कोणी चालविली असेल.

२

प्रथम वजनाचे महत्त्व तत्त्वतः पाहू. पंखांपासून मिळणारी उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वजन जितके अधिक तितका जमीन सोडण्यास लागणारा वेगही अधिक. त्याच वेळी इंजिनाची ओढ मात्र तेवढीच राहते, म्हणून जड विमान तो वेग मिळविण्यास वेळही अधिक घेते. असा दोहोंकडून तोटा होत असल्याने उड्डाणापूर्वीची धाव साधारणपणे वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. एखादे विमान पूर्ण भाराने ५०० फूट धावत असेल, तर वजन एक दशांशाने कमी केल्यावर तीच धाव सुमारे ४०५ फुटांवर येईल. मोठ्या विमानतळावर या ९५ फुटांचे मोल काहीच नाही. परंतु ज्या वाळूच्या पट्टीच्या शेवटी नदी आहे आणि नदीपलीकडे देवदारांचे रान आहे, तेथे ते ९५ फूट म्हणजे सर्व काही असते.

इंजिन मोठे बसविल्याने हा प्रश्न सुटेल असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात तो सुटतोही. परंतु उंच प्रदेशात इंजिनाची शक्ती स्वतःच क्षीण होते. आयडाहोमधील जॉन्सन क्रीक ही गवताची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ४,९०० फूट उंचीवर आहे. उन्हाळ्यातील दुपारी तापमान ३० अंश सेल्सिअसवर गेले, की तेथील हवा साडेसात ते आठ हजार फुटांवरील हवेइतकी विरळ होते. साध्या इंजिनाची जवळजवळ चतुर्थांश शक्ती अशा हवेत नाहीशी होते. शिवाय मोठे इंजिन स्वतः जड, त्याचा प्रोपेलर जड, आणि त्याला लागणारे इंधनही अधिक. थोडक्यात, शक्ती ही उसनवारी आहे आणि तिचे व्याज वजनाच्याच रूपाने फेडावे लागते. हलकेपणाचे तसे नाही. तो उंचीवर कमी होत नाही व इंधन मागत नाही.

३

वजनाचा हा धाक विमानविद्येच्या जन्मापासूनच आहे. १९०३ साली राइट बंधूंनी उडविलेल्या यंत्राचे वजन चालकाशिवाय सुमारे ६०५ पौंड, म्हणजे २७५ किलोग्रॅम होते आणि त्यांच्या इंजिनाची शक्ती अवघी बारा अश्वशक्तीच्या आसपास होती. बाजारात त्यांना हवे तेवढे हलके इंजिन मिळेना, म्हणून त्यांनी ते आपल्या कारखान्यात घडविले आणि त्याचा मुख्य ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा ओतून घेतला. जर्मनीत आल्फ्रेड विल्म याने १९०६ च्या सुमारास अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूस काळ लोटल्यावर आपोआप काठिण्य येते हे शोधून काढले. त्यातून ड्युरॅल्युमिन निर्माण झाले. पुढे फोकरच्या कारखान्यात वितळजोड केलेल्या पोलादी नळ्यांचा सांगाडा रूढ झाला. लाकूड, पोलादी नळ्या, हलका मिश्रधातू आणि वर ताणून बसविलेले कापड, ही लहान विमानाची सामग्री १९३० पूर्वीच सिद्ध झालेली होती.

या सामग्रीतून स्वस्त व हलके विमान घडविण्याचा ध्यास पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्ड येथे सी. जी. टेलर या यंत्रज्ञाने घेतला. विल्यम पायपर हा तेलाच्या धंद्यातील गृहस्थ त्याचा भांडवलदार होता. १९३० साली त्यांच्या पहिल्या ‘कब’ला वीस अश्वशक्तीचे इंजिन बसविण्यात आले. ते इंजिन ‘किटन’, म्हणजे मांजराचे पिलू, या नावाने ओळखले जाई; त्यावरूनच विमानास ‘कब’, म्हणजे बछडा, हे नाव पडल्याचे सांगतात. परंतु या पिलाच्याने विमान धडपणे उचलवले नाही. पुढील वर्षी ३७ अश्वशक्तीचे काँटिनेंटल इंजिन आले तेव्हा गाडा सुरू झाला. या ‘ई-२ कब’चा रिक्तभार साडेपाचशे पौंडांच्या आत होता.

टेलर व पायपर यांचे पुढे पटले नाही व टेलर वेगळा झाला. १९३७ साली ब्रॅडफर्डचा कारखाना आगीत सापडला, तेव्हा पायपरने लॉक हेवन येथील रेशमाच्या एका जुन्या गिरणीत आपला व्यवसाय हलविला. तेथून १९३८ साली ‘जे-३ कब’ बाहेर पडले. आरंभी त्याचे इंजिन ४० अश्वशक्तीचे होते, पुढे ते ६५ अश्वशक्तीचे झाले. आणि १९४७ पर्यंत अशी जवळजवळ वीस हजार विमाने तयार झाली. ६५ अश्वशक्तीच्या प्रकाराचा रिक्तभार ७६५ पौंड व कमाल भार १,२२० पौंड असे.

जे-३ च्या हलकेपणाचे मर्म त्याच्या सामग्रीइतकेच त्यात नसलेल्या वस्तूंत आहे. त्यास विजेची यंत्रणा नव्हती; म्हणून बॅटरी नाही, जनित्र नाही, इंजिन सुरू करणारी मोटर नाही, दिवे नाहीत. प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करावे लागे. इंधन किती उरले हे दाखविण्यासाठी टाकीच्या झाकणातून वर आलेली एक तार असे आणि तिच्या खालच्या टोकास बुचाचा तरंगता तुकडा बसविलेला असे. तार वर असली तर टाकी भरलेली, खाली गेली तर रिकामी! या उपकरणाचे वजन नगण्य, ते बिघडण्याचे कारण नाही, आणि वैमानिकाला ते समोरच दिसते. लहान विमानाच्या इतिहासात याहून काटकसरीची योजना क्वचितच सापडेल.

४

आता अलास्काकडे वळू. १९२४ च्या फेब्रुवारीत कार्ल बेन आयेल्सन याने फेअरबँक्सहून मॅकग्राथ येथे विमानाने टपाल नेले. कुत्र्यांच्या घसरगाडीला या वाटेस अडीच-तीन आठवडे लागत. विमानाने ती काही तासांत कापली. रस्ते व लोहमार्ग यांच्या अभावी या प्रदेशात विमान ही चैन राहिली नाही. ते बैलगाडीच्या जागी आले. खाणकामगार, टपाल, औषध, रुग्ण आणि शिकारीचे मांस यांची ने-आण त्यातूनच होऊ लागली.

याच परंपरेतील बॉब रीव्ह हा वैमानिक १९३२ साली व्हॅल्डीझ येथे आला. डोंगरातील हिमाच्छादित खाणींपर्यंत सामान नेणे हा त्याचा धंदा. हिमावर उतरण्यासाठी विमानास चाकांऐवजी घसरपट्ट्या लागत; पण उन्हाळ्यात व्हॅल्डीझला बर्फ नसे. तेव्हा ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या मैदानावरून घसरपट्ट्यांनिशीच उड्डाण करण्याची रीत त्याने बसविली.

१९३७ च्या जूनमध्ये ब्रॅडफर्ड वॉशबर्न व रॉबर्ट बेट्स या दोन गिर्यारोहकांना घेऊन रीव्ह कॅनडातील वॉल्श हिमनदीवर उतरला. माउंट लुसेनिया हे तोवर कोणी न चढलेले शिखर त्यांना गाठावयाचे होते. चार माणसांची तुकडी दोन खेपांत आणावयाची असा बेत होता. पण हवा अकाली उबदार झालेली होती. हिमाचा रबरबीत चिखल होऊन विमान त्यात रुतले. तिघांनी काही दिवस खपून ते पुनःपुन्हा उकरून काढले, आणि ते पुनःपुन्हा रुतत राहिले. अखेरीस रीव्हने विमानातील नसले तरी उडता येईल असे सर्व काही उतरविले. हत्यारे गेली, आणीबाणीचे सामान गेले. प्रोपेलरच्या पात्यांचा कोनही त्याने बदलला, म्हणजे कमी वेगात ओढ अधिक मिळावी. अशा रीतीने रिते केलेले ते विमान हिमनदीच्या उतारावरून धावत जाऊन कसेबसे हवेत उठले. रीव्ह परत आला नाही, येणे शक्यही नव्हते. उरलेले दोन गिर्यारोहक व्हॅल्डीझमध्येच राहिले.

या प्रसंगाचा उत्तरार्ध आमच्या विषयाच्या दृष्टीने तितकाच बोधप्रद आहे. मागे राहिलेल्या वॉशबर्न व बेट्स यांना शिखर ओलांडून शंभराहून अधिक मैल पायी चालत माणसांत यावयाचे होते. जो प्रश्न रीव्हपुढे विमानाचा म्हणून उभा होता, तोच यांच्यापुढे पाठीवरच्या ओझ्याचा म्हणून उभा राहिला. त्यांनी तंबूचे तळकापड कापून टाकले आणि दोघांत मिळून एकच झोपण्याची पिशवी ठेवली. ९ जुलै १९३७ रोजी ते शिखरावर पोचले व पुढे चालत सुखरूप बाहेर पडले. त्यांनी टाकलेल्या वस्तूंची यादी पाहिली, तर प्रत्येक वस्तू ‘उपयोगी’ होती हे लक्षात येते. हलके होणे म्हणजे निरुपयोगी वस्तू टाकणे असे आपण समजतो. पण निरुपयोगी वस्तू कोणी मुळात घेतच नाही. उपयोगी वस्तूंतून आवश्यक वस्तू वेगळ्या काढणे हेच या शास्त्रातील खरे कठीण काम होय.

५

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, पायपर कंपनीने ‘सुपर कब’ हे विमान काढले. सांगाडा व रूप जे-३ चेच. परंतु इंजिन वाढत वाढत १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास १५० अश्वशक्तीवर आले, पंखांना झडपा आल्या, प्रत्येक पंखात १८ गॅलनची टाकी आली. या प्रकाराचा कंपनीने छापलेला रिक्तभार सुमारे ९३० पौंड व कमाल भार १,७५० पौंड. म्हणजे उपयुक्त भार ८२० पौंड. आपल्या रिक्तभाराच्या जवळजवळ तितकाच भार उचलणारे हे वाहन थोड्याच काळात अलास्कातील वैमानिकांचे आवडते झाले. १९६० च्या मे महिन्यात अलास्कातील सर्वोच्च पर्वतावर अडकलेल्या गिर्यारोहकांच्या सुटकेसाठी डॉन शेल्डन याने चौदा हजार फुटांहून अधिक उंचीवर सुपर कब उतरविले. त्याच वर्षी २३ जून रोजी आल्प्समध्ये आंरी जिरो याने माँ ब्लाँच्या शिखरावरच हे विमान टेकविले.

परंतु ९३० पौंड हा आकडा कारखान्याच्या दारातील होता. विमान धन्याच्या हाती गेल्यावर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. थंडीसाठी अधिक सक्षम उष्णक आला. रात्रीसाठी दिवे, दळणवळणासाठी रेडिओ, ढगांत दिशा राखण्यासाठी भोवऱ्याची उपकरणे व ती चालविणारा निर्वात पंप आला. मागे सामानाचा कप्पा लांबविण्यात आला. दगडगोट्यांवर उतरता यावे म्हणून मोठमोठे मऊ टायर आले. ते पेलावेत म्हणून चाकांचे आधार बळकट केले गेले. एकदा तुटलेल्या सांगाड्यावर पट्ट्या जोडल्या गेल्या. कापडावर रंगाचे नवे थर चढले. यांपैकी एकही गोष्ट मूर्खपणाची नव्हती. प्रत्येकीमागे एखादी गोठलेली सकाळ, एखादी चुकलेली वाट किंवा एखादा मोडलेला पाय होता. तथापि अशा सुधारलेल्या विमानास काट्यावर चढविले असता त्याचा रिक्तभार १,१०० ते १,२०० पौंड भरणे ही नवलाची गोष्ट राहिली नाही.

याचा अर्थ काय तो सोप्या गणिताने पाहू. दोन्ही टाक्या भरल्या म्हणजे ३६ गॅलन इंधनाचे, गॅलनला ६ पौंड धरून, २१६ पौंड होतात. हिवाळी कपड्यांसह दोन माणसांचे ४०० पौंड धरू. मूळ विमानात ८२० पौंडांतून हे ६१६ पौंड गेल्यावर सामानासाठी २०४ पौंड उरत. रिक्तभार १,१५० पौंड झाला, की उपयुक्त भार ६०० वर येतो. म्हणजे एक चमचाही सामान न घेता विमान मर्यादेपेक्षा १६ पौंड जड झालेले असते. विमान पूर्वीपेक्षा अधिक सुसज्ज झाले, परंतु ज्या कामासाठी सुसज्ज केले ते काम करण्याची त्याची पात्रता कमी झाली. या विसंगतीतूनच वजन उतरविण्याची आधुनिक खटपट सुरू झाली.

हाच क्रम इतरत्रही दिसतो. आपल्याकडे बंगलोरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात, कोल्हापूर जिल्ह्यातील डॉ. विष्णू माधव घाटगे हे मुख्य अभिकल्पक असताना, १९५८ साली ‘पुष्पक’ हे ९० अश्वशक्तीचे दोन आसनी विमान उडाले. कापडी आच्छादनाचे ते विमान वैमानिकी मंडळांच्या शिक्षणकार्यासाठी होते. पुढल्याच वर्षी त्यातून विकसित झालेले ‘कृषक’ हे अधिक माणसे घेणारे विमान आले. त्यास २२५ अश्वशक्तीचे इंजिन लागले. घराणे कोणतेही असो, धाकट्या विमानाचे थोरले होताना शक्ती व वजन ही हातात हात घालूनच वाढतात.

६

वजन उतरविण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते याचा आता विचार करू. पहिली पायरी काट्याची. पुष्कळ विमानांचा रिक्तभार वर्षानुवर्षे केवळ कागदावर मोजला गेला. नवी वस्तू बसविली, की तिचे वजन मिळवावयाचे आणि जुनी काढली, की वजा करावयाचे. प्रत्यक्ष तोलणे नाही. रंगाचे थर, सांगाड्याच्या तळाशी साचलेली माती, आसनांनी शोषलेला ओलावा यांची नोंद अशा हिशेबात होत नाही. म्हणून जाणता कारागीर प्रथम विमान काट्यावर चढवितो, आणि त्याच्या मालकास बहुधा अप्रिय बातमी ऐकावी लागते.

दुसरी पायरी मोठ्या वस्तूंची. जुन्या शिसे-आम्ल बॅटरीचे वजन पंचवीस-तीस पौंडांपर्यंत असे. लिथियमवर चालणारी तत्सम बॅटरी पाच पौंडांच्या आसपास भरते. इंजिन सुरू करण्याच्या जुन्या मोटरीच्या जागी तिच्या निम्म्या वजनाची मोटर मिळते. भोवऱ्याची उपकरणे, निर्वात पंप व त्यांच्या नळ्या काढून एकच इलेक्ट्रॉनिक उपकरण बसविता येते. धातूच्या प्रोपेलरऐवजी लाकडी गाभ्यावर तंतुमिश्र आच्छादन दिलेला प्रोपेलर पुष्कळच हलका असतो. या चार-पाच फेरफारांतून पन्नास पौंड सहज निघू शकतात. पन्नास पौंड म्हणजे आठ गॅलनांहून थोडे अधिक इंधन, आणि तेवढ्या इंधनात १५० अश्वशक्तीचे इंजिन जवळजवळ तासभर चालते. दुर्गम प्रदेशात हवा बिघडल्यावर परत फिरण्यासाठी हाती असलेला एक तास ही कशाशीही तुलना न होणारी संपत्ती आहे.

तिसरी पायरी आच्छादनाची. आरंभी कापड तागाचे वा सुताचे असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टर आले. कापडाचे स्वतःचे वजन फार नसते. ते ताठ करण्यासाठी, उन्हापासून राखण्यासाठी व शोभेसाठी दिलेल्या थरांचे असते. चकाकीसाठी दिलेला जाड थर विमानाला उडण्यात कोणतीच मदत करीत नाही. अलीकडे जर्मनीत तयार होणारे एक कापड रंगाशिवायच वापरले जाते. येथे हलकेपणा मिळतो तो शोभेचा मोह सोडल्याने.

चौथी गोष्ट गुरुत्वमध्याची. वजन किती काढले याबरोबर ते कोठून काढले हेही पाहावे लागते. समजा, गुरुत्वमध्यापासून पाच फूट पुढे, नाकावर, वीस पौंड कमी केले. त्यामुळे शंभर फूट-पौंडांचा तोल ढळून विमान शेपटीकडे झुकते. हा तोल पुन्हा साधण्यासाठी पंधरा फूट मागे, शेपटीजवळ, सात पौंडांच्या आतच वजन कमी केले तरी पुरते. उलटपक्षी, शेपटीकडे निष्काळजीपणे ठेवलेली जड वस्तू नाकावर तिप्पट शिशाची मागणी करते. म्हणून शेपटीकडील एक-एक पौंडासाठी कारागीर आग्रही असतात. शेपटीच्या चाकाची पोलादी कमान बदलून टायटॅनियमची बसविणारे लोक वेडे नसतात. त्यांनी हे गणित केलेले असते.

या प्रयत्नांचे टोक नव्या घडणीच्या विमानांत दिसते. वॉशिंग्टन राज्यातील याकिमा येथील कबक्राफ्टर्स या संस्थेने २००९ साली ‘कार्बन कब’ पुढे आणले. सुपर कबचीच आकृती, परंतु सुटे भाग पुष्कळच कमी आणि जेथे शक्य तेथे कार्बन तंतूंचा उपयोग. १८० अश्वशक्तीचे इंजिन असूनही त्याचा रिक्तभार सुमारे ९०० पौंड होता. अलास्कातील व्हॅल्डीझ येथील लघुधाव स्पर्धेत २०१८ साली एका अतिहलक्या विमानाने, समोरच्या वाऱ्याच्या साह्याने, दहा फुटांच्याही आत उतरून दाखविले. जेथे रीव्ह चिखलावरून उडे, त्याच गावी हे घडले. मात्र स्पर्धेतील विमान जवळजवळ रिकामे असते; त्याला मांस, औषध वा रुग्ण न्यावयाचा नसतो. स्पर्धा हलकेपणाची परमावधी दाखविते. व्यवहाराची कसोटी दाखवीत नाही.

७

येथे एक गंभीर प्रश्न उपस्थित होतो. काढता येण्याजोगे सर्व वजन काढावेच काय? इतिहासाचे उत्तर नकारार्थी आहे.

१६ ऑक्टोबर १९७२ रोजी अलास्कात अमेरिकन प्रतिनिधिगृहाचे दोन सभासद, हेल बॉग्ज व निक बेगिच, यांना घेऊन निघालेले लहान विमान नाहीसे झाले. मोठा शोध होऊनही ते सापडले नाही. त्यानंतर अलास्कात, आणि लवकरच देशभर, अपघातस्थळाचा संदेश आपोआप देणारे यंत्र बहुतेक लहान विमानांत आवश्यक ठरले. १८ जुलै १९७८ नंतर बांधलेल्या लहान विमानांत पुढील आसनांना खांद्याचे पट्टे सक्तीचे झाले. अलास्काच्या कायद्याने तर आणीबाणीच्या सामग्रीची यादीच घालून दिली; तीत आठवड्याचे अन्न, कुऱ्हाड, सुरी, विस्तव पेटविण्याचे साधन, मासेमारीचे गळ व डोक्यावरची मच्छरजाळी यांचा समावेश होता. पट्टे आणि यंत्र रिक्तभारात मोडतात, सामग्री उपयुक्त भारात. पण काट्याला हा भेद ठाऊक नाही.

सांगाड्याच्या बाबतीतही हेच. पायपरच्या विमानांत पंखांना खालून आधार देणाऱ्या पोलादी दांड्या आतून गंजतात असे आढळून आल्याने १९९३ साली त्यांच्या तपासणीचा सक्तीचा आदेश निघाला. वरून रंग तकतकीत असला तरी आतील पोलाद झिजून दांडी ‘हलकी’ झालेली असे! असे हलकेपण कोणालाच नको. वजन कमी होणे आणि बळ कमी होणे यांतील रेषा डोळ्यांना नेहमीच दिसत नाही. ती मोजमापाने व तपासणीनेच कळते.

तात्पर्य, विमानाच्या रिक्तभारात दोन प्रकारचे पौंड असतात. काही पौंड सोयीने, शोभेने, आळसाने किंवा ‘असू द्यावे, कधीतरी उपयोगी पडेल’ या वृत्तीने आलेले असतात. इतर काही पौंड कोणाच्या तरी मृत्यूने लिहिले गेलेले असतात. काट्यावर दोन्हींचे मोल एकच. विवेकाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

८

जाता जाता कागदी उपायाचाही उल्लेख केला पाहिजे. रिक्तभार कमी होत नसेल, तर कमाल भार वाढवून घेणे हा दुसरा मार्ग. सुपर कबला ठराविक फेरफार करून २,००० पौंडांपर्यंत परवानगी मिळविण्याची सोय झाली. याउलट कार्बन कबचे उदाहरण आहे. २००४ साली अमेरिकेत केलेल्या नियमांनी हलक्या क्रीडाविमानांना १,३२० पौंडांची मर्यादा घातली. म्हणून कारखान्यातून त्या वर्गात निघालेल्या कार्बन कबचा उपयुक्त भार जेमतेम सव्वाचारशे पौंड ठरला. त्याच आकृतीचे, पण हौशी मनुष्याने सुट्या भागांतून स्वतः जुळविलेले विमान मात्र १,८६५ पौंडांपर्यंत मान्य झाले. कायद्याचा आकडा आणि पंखांचे सामर्थ्य ही एकच गोष्ट नव्हे, हे यावरून ध्यानात येईल. तरीही कागदाने वाढविलेल्या भाराने विमानाची धाव आखूड होत नाही. नदीच्या पट्टीला प्रमाणपत्र वाचता येत नाही.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. ई-२ पासून कार्बन कबपर्यंतच्या प्रवासात सामग्री सुधारली, पण सुधारलेल्या सामग्रीने वाचविलेले वजन माणसाने बहुधा लगेच दुसऱ्या एखाद्या वस्तूवर खर्च केले. म्हणून लहान विमानाच्या हलकेपणाचा इतिहास हा मुख्यतः धातूंचा व तंतूंचा इतिहास ठरत नाही. ‘हे नसले तर चालेल काय?’ हा प्रश्न कोणी, केव्हा व किती प्रामाणिकपणे विचारला, याचा तो इतिहास आहे. लॉक हेवनच्या कारखान्याने तो प्रश्न गिऱ्हाइकाच्या खिशाकडे पाहून विचारला आणि बुचाच्या तुकड्याने इंधन मोजले. वॉल्श हिमनदीवर रीव्हने तो जिवावर बेतल्यावर विचारला. आजचा कारागीर तो काट्यासमोर उभा राहून, हाती कागद-पेन्सिल घेऊन, विमान सुरक्षितपणे जमिनीवर असताना विचारू शकतो. प्रश्न तोच असला, तरी तो वेळेवर विचारणे यातच सारे शहाणपण साठविलेले आहे.